भारतीय तटरक्षक दलाची स्थापना आणि महाराष्ट्राचा किनारा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्राच्या सागरी इतिहासाचे विवेचन साधारणतः शिवकालीन आरमारापासून सुरू होते आणि कान्होजी आंग्रे यांच्यापाशी थांबते. स्वातंत्र्योत्तर काळातील किनारा मात्र इतिहासाच्या अभ्यासकांकडून बराचसा दुर्लक्षित राहिला आहे. भारतीय तटरक्षक दल का निर्माण झाले आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याच्या कोणत्या मर्यादा उघड झाल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या दलाचा उगम युद्धात नसून तस्करीत आहे. सोन्याच्या आयातीवरील निर्बंध आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांमुळे देशांतर्गत व परदेशी दरांत मोठी तफावत राहिली. आखाती देशांतून पश्चिम किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने सोने उतरू लागले. कस्टम खात्याकडे पुरेशा वेगवान नौका नव्हत्या आणि अशा कामासाठी युद्धनौका वापरणे नौदलाला परवडणारे नव्हते. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेलाचा शोध लागला, तर १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची तरतूद झाली. राखावयाचे क्षेत्र एकाएकी विस्तारले.

सप्टेंबर १९७४ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. नागपूरजवळील कामठी येथे जन्मलेले रुस्तमजी हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख होत. जमिनीवरील सीमेसाठी स्वतंत्र दल उभारणाऱ्या अधिकाऱ्यानेच सागरी सीमेसाठीही स्वतंत्र दलाची शिफारस करावी, हे स्वाभाविकच होय. १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट व पाच गस्ती नौकांनिशी हंगामी दल कार्यरत झाले. १९७८ च्या तटरक्षक कायद्यानंतर १९ ऑगस्ट १९७८ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामत हे पहिले महासंचालक होते. या कायद्याने तेलक्षेत्रातील कृत्रिम बेटांचे संरक्षण, संकटग्रस्त मच्छीमारांना साहाय्य, प्रदूषण नियंत्रण आणि तस्करीविरोधात कस्टमला मदत अशी कर्तव्ये सोपविली. यातील 'मदत' हा शब्द महत्त्वाचा आहे. किनाऱ्यावरील मुख्य जबाबदारी इतरांचीच राहिली.

१९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली, तेव्हा या विभागणीची किंमत कळली. कस्टम व पोलीस खात्यांतील काही जणांना पुढे विशेष टाडा न्यायालयाने दोषी ठरविले. केवळ गस्ती नौकांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटला असता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच वर्षी नौदल, तटरक्षक दल व कस्टम यांची 'ऑपरेशन स्वान' ही संयुक्त गस्त सुरू झाली.

नोव्हेंबर १९९९ मधील 'अलोंड्रा रेनबो' प्रकरण अधिक बोलके आहे. चाच्यांनी पळविलेल्या या जपानी मालकीच्या जहाजाचा पाठलाग तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या नौकेने केला आणि नौदलाच्या 'प्रहार'च्या साहाय्याने ते ताब्यात घेण्यात आले. (करवीरच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या नौकेने चाच्यांना गाठावे, हा योग आंग्रे यांना चाचे ठरविणाऱ्या इंग्रज लेखकांना कसा वाटला असता, कोण जाणे !) मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली, तथापि २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते निर्दोष सुटले. चाचेगिरीसाठी स्वतंत्र भारतीय कायदाच तेव्हा नव्हता. तो येण्यास २०२२ साल उजाडावे लागले. समुद्रावर जिंकलेले न्यायालयात टिकविण्यासाठी लागणारे साधन दलाला तोवर मिळालेच नव्हते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी 'कुबेर' या भारतीय ट्रॉलरचा वापर करून मुंबईत पोहोचले. हजारो मासेमारी नौकांच्या गर्दीत शत्रूची नौका ओळखावी कशी, हा प्रश्न त्यातून पुढे आला. २००९ मध्ये सागरी पोलिसांच्या गस्तीखालील भागासह प्रादेशिक समुद्रातील किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे, तर एकूण सागरी सुरक्षेची नौदलाकडे देण्यात आली. नौकांची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे आणि किनाऱ्यावरील रडार यांवर त्यानंतर भर देण्यात आला. १९७८ च्या कायद्यात ज्याच्या रक्षणाची तरतूद होती, तोच कोळी आता आपली ओळख सिद्ध करून समुद्रात जाऊ लागला.