औरंगाबाद, 1952: पहिल्या मताची रांग

गुलमंडीच्या चौकात तुम्ही उभे आहात. साल 1952, थंडी अजून पुरती गेलेली नाही. खिशातली नाणी बाहेर काढू नका, इथं ती चालणार नाहीत. पानवाल्याच्या गल्ल्यात अजून निजामाचा हाली सिक्का खुळखुळतो आहे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, भारताचे रुपये, हा हिशेब इथं पोराटोरांनाही तोंडपाठ. दुकानांच्या पाट्या उर्दूत आहेत आणि टांगेवाला दखनीत विचारतो, "किधर जाना है, मियाँ?" पैठण दरवाजा म्हणा किंवा शहागंज म्हणा, सगळीकडे आज माणसं एकाच दिशेनं निघालेली दिसतील. शहर औरंगाबाद, राज्य हैदराबाद. मुंबईचा इथल्या कारभाराशी काही संबंध नाही.

आज मतदान आहे.

त्या माणसांबरोबर चालू लागा. समोरून येणाऱ्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याकडे नीट बघा. साडेतीन वर्षांपूर्वीपर्यंत तो रयत होता. राज्य निजामाचं, जमीन जहागीरदाराची, आणि ते कसं चालावं हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. 17 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजेच्या पोलीस ॲक्शनपुढं निजामानं शरणागती पत्करली. मग लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल चौधरी आले आणि त्यांच्यानंतर मुख्यमंत्री म्हणून वेलोडी, तेही दिल्लीनं नेमलेले अधिकारी. लोकांनी निवडलेलं सरकार या मातीनं अजून एकदाही पाहिलेलं नाही. इंग्रजी मुलखात निदान जमीन, शिक्षण, कर असल्या अटी लावून का होईना, काहींना मत होतं. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला, मजुराला, विणकराला ते आज एकदम मिळालं आहे. वयाची 21 वर्षं पुरी, बाकी अट नाही. राज्यात शंभरातल्या नव्वद जणांना अक्षरओळख नाही, आणि तरीही त्यांच्या मताची किंमत वकिलाच्या मताइतकीच. या देशानं घेतलेल्या निर्णयांत एवढा धाडसी निर्णय दुसरा नाही, असं मला मनापासून वाटतं.

शाळेच्या पटांगणात दोन रांगा आहेत, बायांची वेगळी, पुरुषांची वेगळी. तुम्ही पुरुषांच्या रांगेत उभे राहा. तुमच्या पुढं हिमरू विणणारा एक म्हातारा आहे, मागं खेड्यातून बैलगाडीनं आलेले दोघे भाऊ. "चाचा, पुढं सरका जरा." चाचा सरकतात. एवढंच बोलणं. पण या न बोलण्यात बरंच काही आहे. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं जाळली ते दिवस त्या दोघा भावांनी पाहिले असतील. पोलीस ॲक्शननंतरच्या महिन्यांत मराठवाड्यातल्या कितीतरी निरपराध मुसलमान घरांवर जे ओढवलं, ते चाचांच्या नात्यागोत्यात कुणीतरी सोसलं असेल. ही दोन्ही दुःखं खरी आहेत. एक सांगायचं आणि दुसरं गिळायचं, हे या शहराशी बेइमानीचं होईल. ती घेऊनच माणसं आज एका रांगेत आली आहेत, आणि आत दोघांना मिळणारा कागद एकच आहे.

बायांच्या रांगेकडे कान द्या. टेबलामागचा कारकून विचारतो, "नाव?" नऊवारीतली बाई आपलं नाव सांगते, ठणठणीत आवाजात. "नवऱ्याचं नाव?" बाई गप्प. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. मागची शेजारीण पुढं होते आणि नाव सांगून मोकळी होते. कारकून यादीत खूण करतो. ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. उत्तरेत कित्येक बायांनी यादी करणाऱ्यांना स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मानायला नकार दिला आणि देशभरात सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून गेली. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण बरोबर होता. मत बाईचं आहे, तर यादीत नावही तिचंच हवं.

आता तुमची पाळी. डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईचा ठिपका लागतो, नखाच्या मुळाशी थंडगार. मग हातात मतपत्रिका येते. रुपयाच्या नोटेएवढा गुलाबीसर कागद, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला. त्यावर उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही, फुली मारायला जागाही नाही. आहे तो फक्त क्रमांक आणि निवडणूक आयोगाचं नाव. उलटून पालटून पाहिलंत तरी आणखी काही सापडणार नाही.

पडदा सारून आत जा. निवड इथं करायची आहे. बाकावर पोलादी पेट्या ओळीनं मांडल्या आहेत, प्रत्येक उमेदवाराची वेगळी. देशभर लागणाऱ्या अशा पेट्यांपैकी 12 लाखांहून जास्त एकट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. प्रत्येक पेटीवर चिन्हाचा कागद डकवलेला आहे. काँग्रेसची जोखडातली बैलजोडी तुम्हाला लगेच ओळखू येते. मराठवाड्यात इतरत्र फिरलात, तर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती दिसेल, समाजवाद्यांचं वडाचं झाड दिसेल. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीच्या फटीत कागद सरकवायचा, झालं. वाचता आलं पाहिजे असं नाही. आत कुणी बघायला नाही, ना पाटील, ना सावकार, ना नवरा. आधी लोकसभेचा कागद टाका, मग विधानसभेचा.

बाहेर आल्यावर टांगा करा आणि छावणीच्या बाजूला नागसेनवनाकडे चला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय इथं 1950 मध्ये सुरू झालं, आणि गेल्या 1 सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. कालपर्यंत शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्यांची मुलं आज इथं पदवीचं शिक्षण घेताहेत. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला, मत प्रत्येकाला मिळावं असा ज्यांनी आग्रह धरला, ते बाबासाहेब याच निवडणुकीत उत्तर मुंबईत हरले. नारायण काजरोळकर जिंकले. नागसेनवनातल्या मुलांना ती बातमी किती लागली असेल! पण बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला लोकसभेत ज्या दोन जागा मिळाल्या, त्यातली एक याच हैदराबाद राज्यातली आहे, करीमनगरची. दुसरी सोलापूरची, तिथून पां. ना. राजभोज निवडून आले.

निकाल लागेपर्यंत थांबा. संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या ओट्यावर बसलात तर सगळा हिशेब कानावर येईल. औरंगाबादेतून काँग्रेसचे सुरेशचंद्र आर्य लोकसभेवर गेले, अंबडमधून हणमंतराव वैष्णव. सगळा मराठवाडा बैलजोडीमागं गेला असं मात्र समजू नका. बीडनं पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र परांजपे निवडले, परभणीनं शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे. राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आहे, म्हणून कम्युनिस्ट या फ्रंटच्या नावानं उतरले. तिकडे नलगोंड्यात त्यांच्या रावी नारायण रेड्डींना नेहरूंपेक्षाही जास्त मतं पडली. काल हातात बंदूक असलेली चळवळ आज पेटीतून दिल्लीत पोचली, याचं मोल फार मोठं आहे. विधानसभेच्या 175 जागांपैकी काँग्रेसला 93 आणि फ्रंटला 42. 6 मार्चला बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री होतात. राजप्रमुखाच्या खुर्चीवर निजाम उस्मान अली अजून आहेतच, पण आता त्यांनी सही करायची ती लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांच्या सल्ल्यानं.

पाच वर्षांनी परत आलात तर शाळा तीच असेल आणि पेट्याही तशाच, राज्य मात्र वेगळं असेल. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. हैदराबाद राज्य मोडावं, म्हणजेच ज्या राज्याच्या मुक्तीसाठी तुरुंगवास भोगला ते राज्यच विसर्जित व्हावं, अशी मागणी लावून धरणाऱ्यांत निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आघाडीवर होते. 1952 मध्ये ते गुलबर्ग्यातून खासदार झाले होते. 1957 मध्ये औरंगाबादच्या लोकांनी त्यांना आपला खासदार केलं.