गर्भाच्या छातीतली गाठ: डॉक्टर थांबायला कसे शिकले

मागच्या वेळी आपण ग्लासगोपर्यंत आलो होतो. पोलादातली भेग शोधणारं यंत्र इयन डोनाल्ड यांनी माणसाच्या पोटाला लावून पाहिलं आणि १९५८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला, इथपर्यंत. आज गर्भाच्या छातीत डोकावू.

तिथे दिसणाऱ्या गाठींपैकी एकच घेऊ, फुप्फुसातली सिस्टची गाठ. गाठ म्हटलं की आपल्याला कॅन्सर आठवतो. ही तशी नाही. फुप्फुसाचा एक भाग वेडावाकडा वाढतो. चिन आणि टँग यांनी तिचं वर्णन १९४९मध्येच केलं होतं, पण ते जन्मानंतरच्या तपासणीवरून.

सोनोग्राफीमुळे ती पोटातच दिसू लागली, आणि गोंधळ झाला. सुरुवातीला नोंदले गेले ते मुख्यतः गंभीर गर्भ: हृदय बाजूला ढकललेलं, अंगात पाणी साचलेलं. त्यावरून भाकीत ठरलं, ते वाईटच. रिपोर्ट ऐकून गर्भपाताचे निर्णयही झाले. मग सगळ्याच गरोदर बायकांचे स्कॅन होऊ लागले, तेव्हा कळलं की बऱ्याच गाठी २६ ते २८ आठवड्यांच्या सुमारास वाढायच्या थांबतात. काही तर पडद्यावर दिसेनाशा होतात!

दरम्यान १९९०मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या मायकेल हॅरिसन यांच्या गटाने गर्भाशय उघडून गर्भाच्या फुप्फुसातली गाठ काढल्याचं प्रसिद्ध केलं. धाडस मोठंच. पण आजार गर्भाला आणि सुरी आधी आईच्या पोटावर, हे आपण विसरायला नको. म्हणून खरा प्रश्न होता, कुणाला हात लावायचा आणि कुणाला नाही?

त्याचं उत्तर २००२मध्ये फिलाडेल्फियाहून आलं, आणि ते शाळेतल्या गणितासारखं आहे. गाठीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, ०.५२ने गुणा, गर्भाच्या डोक्याच्या घेराने भागा. उत्तर १.६च्या वर गेलं तर पाणी साचण्याचा धोका जास्त, म्हणून वरचेवर स्कॅन. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट छापून आली: आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिल्यावर गर्भाच्या अंगातलं पाणी ओसरलं. बारीक सिस्टच्या गाठींना हा उपाय लागू पडतो. मोठी सिस्ट असेल तर सुईने किंवा नळीने पाणी काढतात.

आणि पडद्यावरून नाहीशी झालेली गाठ? जन्मानंतर सीटी स्कॅन केला की ती पुष्कळदा तिथेच सापडते.