सावित्रीबाईंना उस्मानभाईंनी घर दिलं

३ जानेवारीला आपण गटात सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. भाषणात शेणाचे गोळे येतात, पिशवीतलं दुसरं लुगडं येतं. नगरचं नाव मात्र कुणी घेत नाही. आणि आपण तर नगरच्याच!

सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८३९ पासून आपल्या नगरला राहिली, १८६२ साली इथंच वारली. इथं ती मुलींच्या शाळा चालवायची. त्या शाळा पाहून आनंद झाला, असं जोतीरावांनी पुढे ‘ज्ञानोदय’मध्ये सांगितलंय. सावित्रीबाईंना अक्षरं घरी जोतीरावांनी शिकवली. पण वर्ग कसा घ्यायचा, ते त्या नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकल्या. धाडस होतंच, पण आधी तयारी केली होती.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली, तेव्हा त्यांचं वय सतरा. पुढच्याच वर्षी सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढलं. उस्मान शेख यांनी घर दिलं. फातिमा शेख बरोबरीनं शिकवू लागल्या. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना पत्रात लिहितात, की फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. आजारपणातही शाळेची काळजी! आम्हाला हे पत्र सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं.

आज आपल्याकडे नवीन बाई येतात त्या शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षं, महिना सोळा हजारांवर. गाव परकं. खोली मागायला गेल्या की पहिला सवाल, “एकट्याच राहणार का?” शिकवायचं कसं, हे त्या डी.एड.ला शिकून येतात. पण ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोर कुणाकडे राहिलंय, मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी का बसली, हे त्यांना कोण सांगणार? ते आपल्यालाच ठाऊक.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असतात. आपण जातो, सही करतो, चहा पितो. येत्या बैठकीत बाईंच्या खोलीचा विषय आपणच काढायचा आहे. जिच्या घरी रिकामी खोली आहे तिनं त्याआधी गटात सांगावं. भाडं मात्र त्यांना परवडेल एवढंच घ्यायचं.