तेरा माणसांचा सण

घरात कोणी गेले की त्या वर्षी सण नाही, हा आपल्याकडचा रिवाज. माझे आजोबा गेले त्या वर्षी आमच्या चुलीवर फराळाची कढई चढली नाही. शेजारच्या काकूंनी पदराआड झाकून आणलेले ताट आम्ही मुलांनी स्वयंपाकघरात बसून, आवाज न करता संपवले. चकली आवाज न करता खाता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले! पुढे दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमांचे वृत्तान्त वाचताना १९१२ सालच्या एका सणापाशी मी अडलो, तो या ताटाची आठवण होऊन.

केप इव्हान्स येथे कॅप्टन स्कॉटचा तळ होता. पन्नास फूट लांब, पंचवीस फूट रुंद असे लाकडी घर आणि त्यात पंचवीस माणसे. तिथे एप्रिलअखेर मावळलेला सूर्य ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तोंड दाखवीत नाही. म्हणून २२ जून, म्हणजे त्या गोलार्धातल्या हिवाळ्याचा ऐन मध्य, हाच त्यांचा नाताळ. १९११ साली तो थाटात झाला. सीलचे सूप, भाजलेले मांस, पुडिंग, शॅम्पेन! बॉवर्सने बर्फावर चालायची काठी, बांबूच्या कामट्या आणि पिसे यांचे झाड केले, त्यावर मेणबत्त्या लावल्या आणि प्रत्येकासाठी एक एक भेट टांगली. या भेटी डॉक्टर विल्सनच्या मेहुणीने विलायतेहून निघतानाच बांधून दिलेल्या होत्या. हा बॉवर्स हिंदी नौदलातला. हवामानशास्त्रज्ञ सिम्प्सन सिमल्याच्या कचेरीतला. आणि ओट्स महूच्या छावणीतून आलेला घोडदळाचा अधिकारी. ओट्सला भेट मिळाली ती खेळण्यातली बंदूक. ती घेऊन तो रात्रभर सर्वांना ‘मारीत’ हिंडला, आणि गोळी लागली की खाली पडा, अशी गळ घालीत राहिला.

पुढच्या वर्षी त्याच घरात तेराजण उरले. काही बोटीने परत गेले होते. स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स हे पाच ध्रुवाकडून परतलेच नव्हते. ते आता हयात नाहीत, याविषयी कोणालाच संशय नव्हता. कॅम्बेल आणि त्याचे पाच सोबती सुमारे दोनशे मैल उत्तरेला किनाऱ्यावर अडकले होते. बर्फामुळे बोट त्यांच्यापर्यंत पोचू शकली नव्हती. ते जिवंत असतील, नसतील. उजाडल्यावर कोणाला शोधायचे? जिवंत असू शकणाऱ्या सहांना, की खात्रीने मेलेल्या पाचांना? ॲटकिन्सन हा नौदलाचा डॉक्टर त्या वेळी प्रमुख होता. त्याने सर्वांचे मत विचारले आणि कौल पडला तो दक्षिणेचा, मृतांच्या बाजूचा. कॅम्बेलच्या माणसांना उन्हाळ्यात स्वतःच्या पायांनी येता येईल, किंवा बोट त्यांना उचलील. पण त्या पाचांचे काय झाले, हे आता कळले नाही तर कधीच कळणार नव्हते.

असे ओझे उरावर असताना या तेराजणांनी २२ जून पाळला! चेरी-गॅरर्डने मोहिमेच्या नियतकालिकाचा अंकही काढला. प्रथम मला हे खटकले. पाच खाटा रिकाम्या, आणि मेजवानी कसली? पण आमच्या घरी निदान दिवस उजाडत होता; काकू येत होत्या. तिथे शेजार नव्हता, ताट झाकून आणणारे कोणी नव्हते. ज्याचे त्यानेच चूल पेटवायची.

तिकडे कॅम्बेलचे सहाजण बर्फात खणलेल्या गुहेत, सीलच्या चरबीच्या मिणमिणत्या दिव्यापाशी बसले होते. साखरेचे खडे त्यांना मोजून मिळत, दर रविवारी बारा. त्यांनीही तोच दिवस धरला: पोटभर रस्सा आणि गोड कोको.

केप इव्हान्सच्या तबेल्यात त्या हिवाळ्यात हिंदुस्थानातून आलेली सात खेचरे होती. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहेब अशी त्यांची नावे. ऑक्टोबरअखेर ती शोधपथकाबरोबर दक्षिणेला निघाली. ७ नोव्हेंबरला कॅम्बेलचे सहाहीजण चालत, जिवंत, तळावर पोचले. वाटेवरच्या पथकाला त्याचा पत्ता नव्हता. ९ नोव्हेंबरच्या सुमारास इकडे आश्विन अमावास्या होती, घरोघरी पणत्या लागल्या. तिकडे सूर्य मावळत नव्हता आणि गुलाब, प्यारी, बेगम बर्फ तुडवीत पुढे चालली होती. १२ नोव्हेंबरला त्यांना तो तंबू सापडला.