तुळस व डासनिवारण

तुळस व डासनिवारण : अंगणातील वृंदावनात, परसात किंवा कुंडीत तुळस (लॅ. ऑसिमम टेन्युइफ्लोरम, पूर्वीचे नाव ऑ. सँक्टम, कुल–लॅमिएसी) लावण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. तिच्या वासाने डास दूर राहतात, असा समजही रूढ आहे. या समजाला जो लेखी आधार वारंवार दिला जातो, त्याचा संबंध मुंबईशी आहे.

भायखळ्याचे व्हिक्टोरिया गार्डन (सध्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) १८६२ मध्ये खुले झाले. त्याच्या उभारणीशी निगडित असलेले सर जॉर्ज बर्डवुड यांनी १९०३ मध्ये लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रास पत्र लिहून एक आठवण सांगितली. बागेतील कामगार डासांनी हैराण झाले, तेव्हा हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्यावरून बागेच्या सीमेभोवती तुळस लावण्यात आली. त्यानंतर डास कमी झाले व तेथे राहणाऱ्या माळ्यांतील तापही नाहीसा झाला, असे त्यांचे म्हणणे होते. डासांमार्फत हिवतापाचा प्रसार होतो, याचा पुरावा रॉनल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे मिळाला होता. त्यामुळे या पत्राकडे लक्ष वेधले गेले. तथापि ही आठवण सु. चाळीस वर्षांनंतरची असून तुलनेसाठी तुळस नसलेली जागा पाहिलेली नव्हती.

त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतील ऑ. व्हिरिडे (आता ऑ. ग्रॅटिसिमम या जातीत समाविष्ट) या वनस्पतीविषयीही असाच दावा करण्यात आला. सिएरा लिओनमध्ये डब्ल्यू. टी. प्राउट यांनी त्याची परीक्षा घेतली. वाढत्या झाडांचा डासांवर फारसा परिणाम होत नाही व ती मच्छरदाणीची जागा घेऊ शकत नाहीत, मात्र जळत्या पानांच्या धुराने डास गुंगतात, असे त्यांना आढळले. यात विसंगती नाही. युजेनॉलसारखी बाष्पनशील द्रव्ये पानांतील सूक्ष्म ग्रंथींत साठलेली असतात. पाने चुरगळल्यास किंवा जाळल्यास ती एकदम मोकळी होतात, उभ्या झाडातून मात्र अल्प प्रमाणातच बाहेर पडतात.

मुंबईतील हिवतापाचे मूळ सी. ए. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने स्पष्ट केले. ॲनॉफेलीस स्टेफेन्साय हा डास शहरातील विहिरी व पाण्याच्या टाक्यांत वाढत होता. म्हणून विहिरी बुजविणे किंवा झाकणे हाच खरा उपाय ठरला.

तुळशीस भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन लागते. बी अतिशय बारीक असल्याने ते वरच्यावर पेरून मातीचा पातळ थर देतात. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्यास पाला अधिक येतो. कुंडीखालच्या ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नये. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि ज्यासाठी तुळस लावली, तो हेतूच विफल होतो.