कृष्णराज-रूपक

कृष्णराज-रूपक : माहिष्मतीच्या कलचुरी घराण्यातील कृष्णराज (कार. सु. ५५०–५७५) याचे चांदीचे नाणे. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने जमिनीत पुरलेल्या साठ्यांतून मिळाले आहे.

नाणे लहान व गोलसर असून वजन सु. २ ग्रॅम भरते. दर्शनी बाजूवर उजवीकडे पाहणाऱ्या राजाचे मस्तक आणि मागील बाजूवर बसलेला नंदी आहे. नंदीभोवती ब्राह्मी लिपीत ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्री कृष्णराज’ असा लेख आढळतो. राजमस्तकाची परंपरा पश्चिमी क्षत्रप व त्रैकूटक यांच्या नाण्यांवरून, तर नंदी गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या नाण्यांवरून आलेला दिसतो.

चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याने घाव घालत. चकती लहान पडली किंवा ठसा सरकला, की लेखाची काही अक्षरे उमटतच नसत. त्यामुळे संपूर्ण लेख लावण्यासाठी अनेक नाणी शेजारी ठेवून पाहावी लागतात.

ही नाणी पूर्वी राष्ट्रकूट घराण्यातील कृष्णाची मानली जात. अक्षरवळण व घडण सहाव्या शतकातील असल्याने ती आता कलचुरींची ठरली आहेत. कलचुरी ताम्रपटांत कृष्णराजाचे वर्णन जन्मापासूनचा पशुपतिभक्त असे येते; ‘परममाहेश्वर’ हे बिरुद त्याच्याशी जुळते. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी या पुराव्याची सविस्तर मांडणी केली आहे.

नाशिक जिल्ह्यातील देवळाणे, साष्टीतील मरोळ, सातारा जिल्ह्यातील कराड आणि विदर्भात अमरावती जिल्ह्यातील धामोरी ही काही प्राप्तिस्थाने होत. घारापुरी बेटावर याच राजाची हलक्या किमतीची नाणी मिळाली आहेत.

सातव्या शतकाच्या आरंभी बदामीच्या चालुक्यांनी कलचुरी राजा बुद्धराज याचा पराभव केला; नाणे मात्र चालू राहिले. चालुक्यांचा मांडलिक भोगशक्ती याच्या अंजनेरी ताम्रपटात (कलचुरी संवत् ४६१, इ. स. ७१०–११) कृष्णराज-रूपकांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणून केवळ नाणे सापडले एवढ्यावरून तेथे कृष्णराजाचे राज्य होते असे म्हणता येत नाही, की साठा त्याच्याच काळात पुरला असेही ठरत नाही. त्यासाठी सोबतची नाणी, त्यांची झीज व भांडे यांची एकत्र नोंद लागते; साठा वाटला गेला, की हा पुरावा नष्ट होतो. भूमिगत निधीविषयीच्या १८७८ च्या कायद्याने अशा साठ्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक केले आहे.