कात्री कोणाच्या हातात: महाराष्ट्रातील संकलन-शिक्षणाचा इतिहास

चित्रपटाचे संकलन म्हणजे चित्रित फिल्ममधले तुकडे निवडणे, हवे तिथे कापणे आणि ठरावीक क्रमाने जोडणे. यातले निम्मे पुस्तकातून कळते. तुकडा चार चौकटींनी आखूड केला तर दृश्याचे काय होते, हे मात्र तो कापून, जोडून, पडद्यावर पाहूनच समजते. त्यामुळे महाराष्ट्रात संकलन कोण आणि कसे शिकले, याचा इतिहास बव्हंशी फिल्म हाताळायला कोणाला मिळाली याचा इतिहास आहे. कच्ची फिल्म महाग, परदेशातून येणारी आणि चटकन पेट घेणारी होती. ती नवशिक्याच्या हाती कोणी सहजासहजी देत नसे.

पहिल्यांदा ती मिळाली एका घरात. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले. वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले आणि दोनएक महिन्यांत ते परतले. कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. अंधारात बसून तिच्या कडांना छिद्रे पाडणे, ती कॅमेऱ्यात भरणे, धुणे आणि जोडणे या कामांत सरस्वतीबाई फाळके तरबेज झाल्या. त्यांचे शिक्षण दादरच्या त्या घरातच झाले आणि शिक्षक होते नुकतेच ते शिकून आलेले पती. सुमारे ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. सरस्वतीबाईंना भारतातील पहिल्या संकलक म्हटले जाते. आजच्या अर्थाने संकलकाचे स्वतंत्र पद तेव्हा नव्हते, हे खरे. पण फिल्म हातात धरून तिचा जोड बांधणारा माणूस हाच निकष लावला, तर तो मान त्यांच्याकडेच जातो.

मूकपटांच्या काळात या कामाचे गणित सोपे होते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात. हाताने फिरवायचा कॅमेरा सेकंदाला साधारण तेवढ्याच चौकटी टिपे, म्हणजे फूटभर फिल्म ही जवळपास एका सेकंदाची. सरावलेला माणूस हातभर फिल्म ओढून वेळेचा अंदाज बांधू शके. जोडाच्या जागी फिल्मवरचा थर पात्याने खरवडायचा, त्यावर सिमेंट म्हणून ओळखला जाणारा द्राव लावायचा आणि दुसरे टोक दाबून धरायचे. खरवड कमी झाली तर जोड प्रोजेक्टरमध्ये सुटे, जास्त झाली तर फिल्म तिथेच तुटे.

फाळक्यांच्या चित्रपटांत कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी उभा असतो आणि प्रसंग नाटकातल्या प्रवेशासारखा समोर घडतो. त्यांची कात्री चमकते ती चमत्कारांत. कॅमेरा थांबवायचा, माणूस हलवायचा, पुन्हा सुरू करायचा आणि मधल्या खराब चौकटी कापून टाकायच्या. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी रोज थोडीथोडी टिपून एका छोट्या चित्रपटात दाखवली होती. वेळ कापता येतो, हे त्यांना कथा सांगण्याआधी या प्रयोगातून उमगले, आणि भारतीय संकलनाचा पहिला धडा भावनाट्याचा नसून जादूचा होता तो त्यामुळेच. चित्रपट कसा बनतो हे दाखवणारा एक लघुपटही त्यांनी केला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. १९२७-२८ च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीसमोर साक्ष देताना त्यांनी चित्रपटाचे शिक्षण देणारी शाळा काढण्याची सूचना केली. ती प्रत्यक्षात यायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

अशी शाळा जगात नव्हतीच असे नाही. मॉस्कोत १९१९ मध्ये सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली. तिथे लेव्ह कुलेशॉव्ह यांच्याजवळ कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता. म्हणून ते आणि त्यांचे विद्यार्थी जुने चित्रपट कापून वेगळ्या क्रमाने जोडत. नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्यानंतर वेगवेगळी दृश्ये जोडली की प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसतात, हा त्यांचा प्रयोग आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगितला जातो. पुडोव्हकिन आणि आयझेन्स्टाइन यांचे सिद्धान्त याच वातावरणात तयार झाले.

त्याच सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहत होती. तिथे सिद्धान्त कोणी लिहिला नाही, पण कारखान्याची शिस्त होती. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः तयार केला आणि प्रसंग आधी रेखाटून घेण्याची पद्धत पाडली. कंपनीत आलेल्या मुलाला जे पडेल ते काम करावे लागे. शांताराम वणकुद्रे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल इथेच घडले. १ जून १९२९ रोजी या मंडळींची ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू झाली तेव्हा तिच्या भागीदारांना चित्रपटाचे प्रत्येक खाते आतून माहीत होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली.

बोलपटाने संकलकाचे काम अवघड केले आणि त्याला स्वतंत्र धंद्याचे रूपही दिले. चित्राची फिल्म वेगळी आणि आवाजाची वेगळी. दोन्ही एकाच लांबीने कापायच्या, आणि अखेरच्या प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापायचा, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग भिंगापासून दूर असतो. हे न समजता प्रिंटला कात्री लावली की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. वेगही सेकंदाला चोवीस चौकटींवर स्थिर झाला, त्यामुळे मिनिटाला नव्वद फूट हा हिशेब प्रत्येक सहायकाला तोंडपाठ असे.

प्रभातचे संकलन खाते ही पुढच्या पिढीची शाळाच ठरली. ‘संत तुकाराम’ (१९३६) चे संकलक ए. आर. शेख होते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) चे दिग्दर्शक अनंत माने याच कंपनीच्या संकलन विभागात तयार झाले. त्यांच्या तमाशापटांत लावणी कुठे सोडावी आणि कथा कुठे पकडावी याचा जो नेमका अंदाज आहे, तो टेबलावरचा सराव सांगतो. शांतारामांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये राजगुरूच्या डोळ्याचा पडदाभर मोठा शॉट वापरला, ‘कुंकू’ (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातले आवाजच कथेला लावले. असे निर्णय संकलनाच्या खोलीत पुन्हापुन्हा तपासले जात आणि सहायक ते मागे उभा राहून पाहत असे.

स्टुडिओतल्या उमेदवारीची पायरी ठरलेली होती. नवा मुलगा आधी डबे उचलायचा, रिळांवर नावे घालायचा. मग रशेसमध्ये, म्हणजे चित्रित फिल्मच्या कच्च्या प्रिंटमध्ये, क्लॅप पडते ती चौकट शोधून चित्र आणि आवाज जुळवायचा. त्यानंतर उरलेले तुकडे टांगून त्यांची नोंद ठेवायचा. कापलेल्या दोन चौकटीसुद्धा मागितल्या तर क्षणात सापडल्या पाहिजेत, हा नियम होता. कात्री हाती येईपर्यंत वर्षे जात. गोव्यातील पोंबुर्प्याचे वामन भोसले १९५२ मध्ये मुंबईत आले. बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे फिल्मिस्तानमध्ये सुमारे बारा वर्षे सहायक होते. राज खोसला यांच्या ‘दो रास्ते’ (१९६९) ने गुरुदास शिराळी यांच्यासह त्यांचे नाव झाले आणि ‘इन्कार’ (१९७७) ला संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘शोले’ (१९७५) चे संकलक एम. एस. शिंदे हेही याच परंपरेतले. त्या चित्रपटाला तेव्हा मिळालेले एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलनाचे होते.

या पद्धतीचे गुण स्पष्ट आहेत. शिकणाऱ्याच्या हाताला वेग येई, स्मरणशक्ती तल्लख होई आणि प्रेक्षक कुठे कंटाळतो हे त्याला अंगवळणी पडे. दोष तितकेच मोठे होते. उस्ताद सांगेल ते खरे. का, हे विचारायची रीत नव्हती. आपल्या स्टुडिओबाहेरचे चित्रपट थांबवून, मागे नेऊन पाहण्याची सोय नव्हती. ज्याची मुंबई-पुण्यात ओळख नाही त्याला दारच बंद, आणि मुलींना तर जवळपास सर्वांनाच.

बदल सरकारकडून आला. १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली. शांताराम तिचे सदस्य होते. १९५१ च्या अहवालात समितीने चित्रपटांना अर्थपुरवठा करणारे महामंडळ आणि प्रशिक्षण देणारी संस्था सुचवली. तेव्हा केंद्रात अर्थखाते होते चिंतामणराव देशमुख यांच्याकडे.  अहवालातल्या या दोन्ही सूचना अमलात यायला १९६० साल उजाडले. १९५६ मध्ये देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले आणि ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६० मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली तेव्हाही ते त्या पदावर होते. पण नवी संस्था विद्यापीठांच्या जाळ्यात आली नाही. ती माहिती व नभोवाणी खात्याकडे गेली आणि तिने पदवी न देता पदविका दिली. संकलनाला तेव्हा विद्यापीठीय विषय होता आले नाही. याचा एक फायदाही झाला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेऐवजी कापून दाखवलेले दृश्य हेच मूल्यमापन ठरले.

संस्था बसली ती १९५३ मध्ये बंद पडलेल्या प्रभातच्या आवारात. पहिले संचालक गजानन जागीरदार होते, त्यांच्यानंतर जगत मुरारी आले. पहिल्यांदाच फिल्म शिकण्यासाठी म्हणून विद्यार्थ्याच्या हातात दिली गेली. ती वाया जाणार हे गृहीत धरलेले होते. विद्यार्थी मुव्हिओला या संकलन-यंत्रावर आणि पुढे सपाट स्टीनबेक टेबलावर तुकडे पुढेमागे फिरवत बसत. एकच रशेस अनेकांना देऊन प्रत्येकाचे दृश्य वेगळे का झाले यावर चर्चा घडवणे, ही संकलन शिकवण्याची जगभर मानलेली रीत इथे शक्य झाली. सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’ शॉटनिहाय उलगडून शिकवला. १९६५-६६ मध्ये ऋत्विक घटक उपप्राचार्य होते. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी जमवलेले चित्रपट विद्यार्थ्यांना पाहता आले. कारेल राइझ यांचे १९५३ चे संकलनावरील पाठ्यपुस्तक इंग्रजीतून वाचले जाई. मराठीत त्या तोडीचे पुस्तक तेव्हा निघाले नाही, ही उणीव जाणवण्यासारखी आहे.

या शिक्षणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रेणू सलुजा. दिग्दर्शनाला प्रवेश न मिळाल्याने त्या संकलनाकडे वळल्या आणि १९७६ मध्ये उत्तीर्ण झाल्या. ‘जाने भी दो यारो’, ‘अर्धसत्य’ (दोन्ही १९८३) आणि ‘परिंदा’ (१९८९) ही त्यांची कामे. संस्थेत शिकलेली मंडळी मुंबईच्या टेबलांवर आली तेव्हा सुरुवातीला उस्तादांची आणि पदविकाधारकांची थोडी तेढ झाली. शेवटी दोघांनाही एकमेकांकडून घ्यावे लागले. एकाकडे वेग होता, दुसऱ्याकडे कारण.

व्हिडिओने वेगळी वाट काढली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९७४ मध्ये दूरदर्शनचे प्रशिक्षण दिल्लीहून पुण्याच्या संस्थेत आले. टेपचे संकलन एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल करत चाले. मधला एक शॉट लांबवायचा तर पुढचे सगळे पुन्हा करावे लागे, आणि प्रत्येक नकलेगणिक चित्र पुसट होई. त्यामुळे आधी कागदावर विचार करायची सवय लागली. याच टेपने संकलन पहिल्यांदा तालुक्याच्या गावी नेले. महाड-पोलादपूर भागातली घरे मुंबईच्या चाकरमान्यांची. मे महिन्यात लग्ने गावी लागत, आणि कॅसेट मुंबईच्या नातेवाइकांना पाठवायची असे. फोटो स्टुडिओतला पोरगा दोन व्हीसीआर जोडून वरात, मंगलाष्टका आणि पंगत तीन तासांत बसवायला शिकला. या हजारो कॅसेटींची चित्रपटाच्या इतिहासात नोंद नाही, पण जोड कुठे द्यावा हे राज्यातल्या सर्वाधिक लोकांनी यांतूनच शिकले असावे.

१९९० च्या दशकात ॲव्हिडसारखी संगणक-यंत्रणा आली आणि कापलेला तुकडा परत जोडणे क्षणाचे काम झाले. आता फोनवर संकलन होते. दरवर्षी ६ जूनला रायगडावर होणाऱ्या राज्याभिषेक सोहळ्याच्या चित्रफिती गड उतरण्याआधीच तयार असतात. फिल्म हाती मिळण्याचा प्रश्न संपला, पण त्याबरोबर सहायकाचे स्टूलही गेले. पूर्वी चित्र-आवाज जुळवताना तो उस्तादाचे बोलणे, दिग्दर्शकाशी होणारा वाद आणि माघार ऐकत असे. आज ती तयारी वेगळ्या खोलीत, बहुधा रात्री, एकट्याने होते. २०१७ पासून पुण्याच्या संस्थेने देशभर अल्पमुदतीचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर चालवणे काही दिवसांत येते. तीन तासांच्या सामग्रीतून दहा मिनिटे निवडण्याचे कसब मात्र वर्गाबाहेरच्या सरावावर अवलंबून राहते.

निगेटिव्ह कापणारी मंडळी मात्र नाहीशी झाली. पांढरे हातमोजे घालून, संकलकाने कापलेल्या कामाच्या प्रिंटवरच्या आकड्यांप्रमाणे मूळ निगेटिव्हवर एकदाच कात्री चालवणारा हा वर्ग प्रयोगशाळा बंद झाल्यावर उरला नाही. त्यांच्या कामातला काही भाग आता पुण्याच्या संग्रहालयात जुन्या फिल्मची डागडुजी करताना लागतो. आकसलेल्या फिल्मचा सुटलेला जोड पुन्हा बांधणे आणि फाटलेल्या कडा सांधणे हे स्कॅनरवर चढवण्याआधी हातानेच करावे लागते.